पिशवी काढा म्हणणाऱ्यांना कोण विचारणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात एक ऊसतोड कामगार भगिनी आली. वय बत्तीस, दोन मुले, दरसाल नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाणारी. सोबत भाऊ होता आणि हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत होती. ‘जयभीम साहेब,’ म्हणून ती बसली आणि सगळे कागद तिने आमच्या टेबलावर ठेवले. तक्रार सावकाराची होती. व्याजाने घेतलेले पैसे फिटत नव्हते आणि सावकाराची माणसे दारात येऊन बसत होती. पैसे कशासाठी घेतले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘पिशवी काढली ना साहेब. अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हनले, पिशवीच्या तोंडाला जखम हाय, आज ना उद्या कॅन्सर व्हनार. लेकरं झालीत, आता ठिवून काय करता?’

आम्ही कागद चाळले. सोनोग्राफीचा एक अहवाल, रक्ताच्या दोन चिठ्ठ्या, बिल आणि इंग्रजीत छापलेले संमतीपत्र. संमतीपत्रावर नवऱ्याचा अंगठा होता. बाई सातवी शिकलेली, आमच्या वकालतनाम्यावर तिने स्वतः सही केली. पण जिचे गर्भाशय काढले तिची सही घ्यावी असे तेथे कोणाला वाटले नव्हते. आणि जो कागद असायला हवा होता तो नव्हताच. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केल्याचा, तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविल्याचा एकही अहवाल त्या चळतीत नव्हता. ज्या ‘जखमे’ची भीती घालून एका कष्टकरी बाईच्या शरीरातला अवयव काढला गेला, ती जखम नेमकी कसली होती याचा दोन ओळींचाही पुरावा नाही.

ही एकटीची गोष्ट असती तर आम्ही तिची केस लढलो असतो आणि गप्प बसलो असतो. परंतु मराठवाड्यात ही गोष्ट गल्लोगल्ली आहे. म्हणून आज या स्तंभात आम्ही एक साधा प्रश्न विचारीत आहोत. गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी तेथील पेशींत बदल होतात. ते ओळखता येतात आणि काही मिनिटांत, गावातल्या आरोग्य केंद्रात, पिशवीला हात न लावता बरे करता येतात. मग आमच्या भगिनींपुढे दोनच वाटा का ठेवल्या आहेत? एक तर काहीच न करता मरणाची वाट पाहायची, नाही तर कर्ज काढून पिशवी काढायची.

आधी त्या ‘जखमे’बद्दल. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होते व गोळ्या-औषधांनी थांबते. गर्भाशयाच्या तोंडावर दिसणारा लालसरपणा पुष्कळदा नैसर्गिक असतो. खरा कर्करोगपूर्व बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही, दुखत नाही आणि सहसा कसलेही लक्षण दाखवीत नाही. त्याच्या मुळाशी मानवी पॅपिलोमा नावाचा विषाणू असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एचपीव्ही’ म्हणतात. शरीरसंबंधातून तो येतो, आणि बहुतेक स्त्रियांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत आपणहून हुसकावून लावते. म्हणजे यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे घरातल्या पुरुषांनी नीट ध्यानात घ्यावे. काही जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि तेथील पेशी बिघडू लागतात. हा बिघाड सौम्य असेल तर बराचसा आपोआप ओसरतो. तीव्र असेल तर त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, पण त्यालाही साधारण दहा ते वीस वर्षे लागतात.

तीव्र बिघाड तसाच सोडला तर काय होते, हे जगाला न्यूझीलंडमधील एका लाजिरवाण्या प्रकरणातून कळले. ऑकलंडच्या एका सरकारी रुग्णालयात १९६६ पासून अशा स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता त्यांना नुसते ‘पाहत राहण्यात’ आले, आणि ते त्यांना सांगितलेही नाही. पुढे २००८ साली त्यांच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा अपुरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाल्याचे दिसले. त्या देशात दोन स्त्रियांनी मासिकात लेख लिहून प्रकरण उघडकीस आणताच १९८७ मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली, आणि त्या चौकशीतून रुग्णांच्या हक्कांचा कायदा उभा राहिला. आपल्याकडे लाखो स्त्रियांना ‘पाहत राहण्या’चेसुद्धा कष्ट कोणी घेत नाही आणि चौकशी तर कोणाचीच बसत नाही.

आता उपचाराकडे येऊ. तपासणीचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग पांढरा पडतो. दुसरा, अधिक खात्रीचा प्रकार विषाणूच तपासण्याचा. त्यासाठीचा नमुना बाई पडद्याआड स्वतःच्या हाताने घेऊ शकते. बिघाड सापडला आणि तो आटोपशीर असला, तर थंडीने गोठवून किंवा उष्णतेने तो नष्ट करतात. गोठविण्याच्या पद्धतीत वायूच्या नळकांड्याला जोडलेली धातूची टोपी तीन मिनिटे लावतात, पाच मिनिटे थांबतात, पुन्हा तीन मिनिटे लावतात. उष्णतेच्या पद्धतीत सुमारे शंभर अंशांपर्यंत तापणारे टोक एका वेळी २० ते ६० सेकंद टेकवतात. हे यंत्र हातात मावते आणि बॅटरीवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची अधिकृत शिफारस केली. यात बेशुद्ध करणे नाही, टाके नाहीत, खाट नाही. ओटीपोटात पाळीसारखी कळ येते, पुढे काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, आणि बाई त्याच दिवशी पायी घरी जाते.

सगळ्यांनाच हा उपचार चालतो असे मात्र नाही. डाग आत नळीत शिरला असेल, तोंडाचा बहुतेक भाग त्याने व्यापला असेल किंवा कर्करोगाचीच शंका असेल, तर मोठ्या रुग्णालयात पाठवावेच लागते. तेथे विजेच्या तारेच्या फासाने तो भाग काढतात. पिशवी काढणे हा या रोगाचा पहिला उपाय नाही. अपवादाने लागणारा तो शेवटचा उपाय आहे.

हे गावात जमेल का, असे विचारणाऱ्यांनी उस्मानाबादचे, आजच्या धाराशिवचे, नाव काढावे. या मागास म्हणून हिणवलेल्या जिल्ह्यातल्या कष्टकरी स्त्रियांनी जगाचे वैद्यकशास्त्र बदलले आहे आणि दुर्दैवाने आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ नाही. १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी या जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरची आणि चौथ्यात काहीच नाही. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले. २००९ साली निष्कर्ष जगापुढे आले. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, काहीच न मिळालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने आणि त्यामागच्या उपचाराने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! व्हिनेगरच्या एकाच तपासणीने उस्मानाबादेत तेवढा फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तमिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात त्याच पद्धतीने मृत्यू ३५ टक्के घटले, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी ती तपासणी केल्यावर ३१ टक्के. दिंडीगलमध्ये तपासणी आणि गोठवण्याचा उपचार या दोन्ही गोष्टी प्रशिक्षित परिचारिकांनी, एकाच भेटीत केल्या. मुंबईत तपासणी करणाऱ्या प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्या होत्या, डॉक्टर नव्हेत.

येथे आमच्यातला वकील क्षणभर अडखळतो. ज्या चौथ्या गटाला काहीच दिले नाही त्यात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या ज्या ६४ जणी मेल्या, त्यांच्यापैकी काहींना वाचविणे शक्य होते, हे त्याच अभ्यासाने सिद्ध केले. या तुलनेच्या गटांवरून पुढे वैद्यकीय नीतिशास्त्रात मोठा वाद झाला. संशोधकांचे उत्तर असे की, देशात कोणालाच तपासणी मिळत नव्हती, तेव्हा या स्त्रियांकडून काही काढून घेतले नाही. तर्क म्हणून हे आम्हाला समजते. पण या तर्कातून एक देणे शिल्लक राहते. ज्यांच्या मरणाची नोंद करून ज्ञान मिळविले, त्यांच्या लेकीसुनांना त्या ज्ञानाचा उपयोग मिळायला हवा होता. २००९ नंतर उस्मानाबादच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हा उपचार सुरू व्हायला हवा होता. तो झाला नाही. जगाने आमच्या भगिनींच्या जिवावर धडा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत विषाणू तपासणीला पहिले स्थान दिले, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादचा आकडा आहे. आणि त्याच जिल्ह्यातली बाई आजही पिशवीच्या भीतीने सावकाराच्या दारात उभी आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१६ साली केंद्राने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करण्याचे धोरण जाहीर केले. कागद चांगला आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांमागे जेमतेम दोघींनी अशी तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे देशात एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. मुलींसाठी लस आली आहे, पुण्यात तयार झालेली देशी लसही २०२२ पासून आहे, आणि ती प्रत्येक मुलीला मिळालीच पाहिजे. परंतु आज जी बाई पस्तीस-चाळीस वर्षांची आहे तिच्या अंगात विषाणू कदाचित आधीच येऊन बसला आहे. लस त्याला बाहेर काढीत नाही. तिला तपासणी आणि उपचारच हवा.

आणि खरी गळती तपासणी व उपचार यांच्या मधल्या वाटेवर आहे. शिबिर होते, फोटो निघतात, वर्तमानपत्रात बातमी येते. ज्या बाईच्या तपासणीत डाग निघाला तिला चिठ्ठी मिळते : जिल्हा रुग्णालयात जा. पहिली खेप केस पेपरला. दुसरी दुर्बिणीतून पाहण्याच्या तपासणीला, कारण त्या दिवशी डॉक्टर रजेवर असतात. तिसरी तुकड्याचा अहवाल घ्यायला. चौथी उपचाराला, आणि त्या दिवशी नळकांड्यात गॅस नसतो. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, सोबत कोणी तरी लागते. दसरा-दिवाळीनंतर तर गावच रिकामे होते. उसाच्या फडात एक दिवस खाडा झाला की मुकादम तो पैशात कापतो. अशा बाईने चार खेपा माराव्यात ही अपेक्षा करणारा अधिकारी कधी कोयत्यावर गेलेला नसतो, एवढेच आम्ही म्हणू. म्हणून आमचा आग्रह आहे की तपासणी आणि उपचार एकाच दिवशी, एकाच ठिकाणी झाला पाहिजे. आणि ऊसतोड स्त्रियांसाठी तो हंगामाआधी, पावसाळ्यात झाला पाहिजे.

‘नर्सच्या हातात असले यंत्र कसे द्यायचे?’ हा प्रश्न आम्हाला एका वैद्यकीय अधिकाऱ्यानेच विचारला. आम्ही त्यांना विचारले, साहेब, उपकेंद्रात तांबी कोण बसवते? गेली कित्येक दशके आमच्या नर्सबाई तेच उपकरण लावून, त्याच गर्भाशयाच्या तोंडातून आत तांबी बसवीत आल्या आहेत. लोकसंख्या कमी करणे ही सरकारची गरज होती तेव्हा नर्सचा हात सक्षम ठरला. बाईचा जीव वाचविण्याची वेळ आली की लगेच तज्ज्ञ लागतो! साहेब हसले आणि विषय बदलला. नर्सला चांगले प्रशिक्षण, महिन्याकाठी तज्ज्ञाची देखरेख आणि अवघड बाईला पुढे पाठविण्याची खात्रीची सोय एवढे दिले तर हे काम होते. विषाणू तपासणीचे यंत्रही फार दूर नाही. क्षयाच्या तपासणीसाठी ग्रामीण भागात पोचलेल्या, गोव्याच्या कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ यंत्रावर या विषाणूचीही तपासणी करता येते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सहापट असतो. त्या औषधासाठी नियमित केंद्रावर येतातच. तेथून सुरुवात करायला कोणाची परवानगी हवी आहे?

उपचार गावात नसल्याने जी पोकळी पडते ती कोण भरते, हेही पाहिले पाहिजे. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. हा आजार नव्हे, धंदा आहे. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी याचिका दाखल केली. त्यात विमा योजनेच्या पैशासाठी गरीब स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचा आरोप होता. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. खाटेवर झोपवलेल्या रुग्णामागे पैसा मिळतो. पायी घरी जाणाऱ्या बाईमागे कोणाला काय मिळणार?

संमतीचा कायदाही स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात एका स्त्रीला तपासणीसाठी बेशुद्ध केले आणि तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान स्त्रीच्या वतीने तिची आईसुद्धा संमती देऊ शकत नाही. आईची चालत नाही तिथे नवऱ्याचा अंगठा कसा चालेल? हाच नियम आम्ही मागत असलेल्या उपचारालाही लागू आहे, हे आम्ही आमच्याच कार्यकर्त्यांना बजावून सांगतो. व्हिनेगरच्या तपासणीत पांढरा दिसलेला प्रत्येक डाग धोक्याचा नसतो. गोठवण्याचे उद्दिष्ट ठरवून नर्सच्या माथी मारले, तर नसबंदीच्या शिबिरांत जे झाले त्याचीच पुनरावृत्ती होईल. बिलासपूरचे २०१४ चे बळी आम्ही विसरलेलो नाही. बाईला तिच्या भाषेत सांगा, नको म्हणायची मोकळीक द्या. उपचारानंतर महिनाभर शरीरसंबंध टाळायचा असतो, तेव्हा तिची इच्छा असेल तर नवऱ्यालाही समोर बसवून समजवा. झोपडीत राहणारी बाई हे एकटीने निभावू शकत नाही. वर्षभराने तिला पुन्हा तपासा.

त्या भगिनीचे आता दोन अर्ज चालू आहेत. सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहायक निबंधकांकडे तक्रार केली आहे. शस्त्रक्रियेला तीन वर्षे होऊन गेल्याने ग्राहक आयोगातील दोन वर्षांची मुदत टळली होती. विलंब माफ करावा असा अर्ज कारणांसह जोडला आहे आणि सुनावणी लागायची आहे. रुग्णालयाला आम्ही नोटीस देऊन काढलेल्या गर्भाशयाचा प्रयोगशाळा अहवाल मागितला, उत्तर आलेले नाही.

आणखी एक कागद आम्ही पाठविला. आपल्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाचा कर्करोगपूर्व बदल नष्ट करणारी किती यंत्रे आहेत, त्यांपैकी किती चालू आहेत, गेल्या वर्षी किती स्त्रियांच्या तपासणीत दोष निघाला आणि त्यांतल्या किती जणींना प्रत्यक्ष उपचार मिळाला, अशी माहिती अधिकाराखाली विचारणा केली. एकोणतीस दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले, ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ आम्ही पहिले अपील दाखल केले आहे. जे उत्तर मिळेल ते जसेच्या तसे याच स्तंभात छापू. ज्या वाचकांकडे आपल्या तालुक्यातील अशी कागदपत्रे असतील, बिले, संमतीपत्रे, चिठ्ठ्या, त्यांनी त्यांच्या झेरॉक्स प्रती आमच्या कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, आमच्यासुद्धा.